आपल्यावरून जग ओळखावे, पण कोणी?

मराठीत ‘आपल्यावरून जग ओळखावे’ अशी एक म्हण आहे. लोक तिचे दोन अर्थ करतात आणि ते एकमेकांपासून बरेच दूर आहेत. लबाडाला सगळेच लबाड दिसतात, त्या वेळी ती टोमण्यासारखी वापरली जाते. आणि मांजराची शेपटी ओढणाऱ्या नातवाला आजी ‘तुझे केस कोणी असे ओढले तर?’ असे विचारते, तेव्हा त्याच म्हणीत सगळी नीती सामावते. दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्याच्याशी वागावे, इतकेच आजीचे म्हणणे असते.

हे तत्त्व आपल्याकडे कधी दुर्मिळ नव्हते. उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला तेच सांगतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात आत्मौपम्याच्या रूपाने ते येते आणि तेथून ज्ञानेश्वरीमार्गे कीर्तन-प्रवचनांत उतरते. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनरी आले, त्यांनी येशूच्या डोंगरावरील प्रवचनातले वचन मराठीत आणले. म्हणजे १८५० च्या आसपास पुण्यातल्या चार बुके शिकलेल्या गृहस्थाच्या कानावर ही शिकवण निदान दोन-तीन दिशांनी तरी पडत होती. आणि त्याच पुण्यात, त्याच पेठांतल्या माजघरांत, दहा-बारा वर्षांच्या विधवा मुलीचे केशवपन होत होते; त्याच पुण्याच्या वेशीवर महार-मांगांची सावली मोजली जात होती.

या दोन गोष्टी एकत्र कशा नांदल्या, या प्रश्नाला ‘ढोंग’ असे एका शब्दाचे उत्तर देण्याची आपल्याला सवय आहे. ते उत्तर आम्हांला अपुरे वाटते. ढोंगी माणसे प्रत्येक काळात असतात. पण विधवेच्या डोक्यावरून वस्तरा फिरत असताना ओसरीवर बसून राहणारे सगळेच वडील आणि दीर काही ढोंगी नव्हते. त्यांतले कित्येक दयाळू होते, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावून जाणारे होते. आमच्या मते घोटाळा त्या नियमातच आहे. ‘स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा’ असे तो सांगतो, पण हा दुसरा कोण ते सांगत नाही. ज्या जागी आपण उद्या जाऊ शकतो, त्या जागेची कल्पना माणसाला सहज करता येते. सावकार आज ना उद्या कर्जदार होऊ शकतो, निरोगी माणूस आजारी पडू शकतो. पण पुण्याच्या शास्त्रीबुवांना विधवा होण्याची भीती नव्हती आणि पेशवाईतल्या सरदाराला मांगाच्या जन्मी जाण्याची शक्यता या जन्मापुरती तरी नव्हती. ज्या जागी आपण कधीच जाणार नाही, तिथली कल्पना आपणहून सुचत नाही. ती कोणीतरी त्या जागेवरून ओरडून सुचवावी लागते.

मराठी छापील मजकुरात हे ओरडणे प्रथम कधी ऐकू आले, ते पाहण्यासारखे आहे.

‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनचे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झाले. त्याच्या १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध दोन भागांत छापला गेला. लेखिका मुक्ताबाई, फुले दांपत्याच्या शाळेतली मांग जातीची विद्यार्थिनी. वय चौदाच्या आसपास. आज ती मुक्ता साळवे या नावाने ओळखली जाते. निबंधातला धर्माविषयीचा भाग पुष्कळांना माहीत आहे. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचे धर्मपुस्तक कोणते, असा सरळ सवाल ती करते आणि एकालाच सुख देणारा धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो असे म्हणण्यापर्यंत जाते. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महारांची मस्तके कशी उडवली जात, हेही ती सांगते. ‘ज्ञानोदय’च्या संपादकांना यातला पहिला मुद्दा आपल्या प्रचाराला सोयीचा वाटला असणार, हे उघड आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या निबंधातली सर्वांत मोलाची जागा निराळी आहे आणि तिच्याकडे मानाने कमी लक्ष गेले आहे.

मुक्ताबाई पंडितांना उद्देशून बाळंतपणाविषयी बोलते. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, पावसाने आणि थंडीने त्यांचे काय हाल होतात ते स्वतःच्या अनुभवावरून जाणा, असे तिचे सांगणे आहे. बाळंतपणात काही आजार उद्भवला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठून आणावा, हेही ती विचारते.

आता हे वाक्य कोणाला उद्देशून आहे ते नीट पाहावे. पंडितांना. म्हणजे पुरुषांना. त्यांना बाळंतपणाचा कसला आला स्वानुभव? मुक्ताबाईने हे जाणूनबुजून केले की सहज लिहून गेली, याचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. वाक्य जे काम करते ते आपल्यापुढे आहे. मांग स्त्रीचे दुःख स्वानुभवाने जाणायचे तर पंडिताला प्रथम आपल्या माजघराकडे, बाळंतिणीच्या खोलीकडे वळावे लागेल. तिथली शेगडी, शेक, सुईण, डिंकाचे लाडू आणि दाराला लावलेला पडदा आठवावा लागेल, आणि मग ते सगळे वजा करावे लागेल. जातीबाहेरच्या स्त्रीपर्यंत पोहोचण्याची वाट घरातल्या स्त्रीवरून जाते. आणि ज्याने घरातल्या स्त्रीचेच दुःख कधी पाहिले नाही, त्याला ही पहिली पायरीच चढता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलीने, नकळत का होईना, त्या जुन्या नियमातली अडचण बरोबर दाखवून दिली.

निबंधाच्या शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते आणि ज्ञानाचे औषध घ्या म्हणून सांगते. म्हणजे पंडितांच्या मनात दया उपजेल म्हणून थांबून राहण्याची तिची तयारी नव्हती.

यानंतर आठ वर्षांनी, १८६३ साली, पुण्यात एक खटला झाला. जोतीराव फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकीण होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांपासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे प्रयत्न फसले, मूल जन्मले. अब्रूच्या भयाने तिने त्या अर्भकाला मारले आणि घरामागच्या विहिरीत टाकले. प्रेत सापडले, खटला उभा राहिला आणि काशीबाईला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानात पाठवण्यात आले. ही हकीकत स्वतः जोतीरावांनीच १८८४ साली, बेहरामजी मलबारींनी सक्तीच्या वैधव्यावर जी टिपणे काढली होती त्यांवर मत देताना लिहून ठेवली आहे.

खटल्यात शास्त्रीबुवांना काय शिक्षा झाली, हे विचारण्याची गरज नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी त्याच वर्षी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ब्राह्मणवस्तीच्या भिंतींवर पत्रके लावली गेली: विधवांनी येथे येऊन गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा येथेच ठेवावे, ते त्यांच्या इच्छेवर. जोतीरावांच्या नोंदीप्रमाणे १८८४ पर्यंत अशा ३५ विधवा त्यांच्याकडे आल्या होत्या.

येथे जरा थांबायला हवे, कारण ही गोष्ट आता इतकी परिचयाची झाली आहे की तिच्यातला विस्मय हरवला आहे. फुले माळी समाजातले. शाळा काढल्या म्हणून भटभिक्षुकांनी वडिलांवर दडपण आणले आणि १८४९ साली नवराबायकोला घर सोडावे लागले. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकणारे लोक कोणत्या वस्तीतले होते, तेही सर्वश्रुत आहे. त्याच वस्तीच्या भिंतीवर हे पत्रक लागले. जगाने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे वागणे, ही एक पायरी झाली. आपल्याशी जे तसे वागले नाहीत त्यांच्या लेकीबाळींशी तसे वागणे ही तिच्या पुष्कळ वरची पायरी.

आणि यात कुठलीही मवाळी नव्हती. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकात ब्राह्मणवर्गाविषयी जी भाषा आहे ती आजही सौम्य वाटत नाही. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. आणि त्याच सुमारास बालहत्या प्रतिबंधक गृहात एका ब्राह्मण विधवेला (हिचेही नाव काशीबाईच) झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले. ‘गुलामगिरी’ लिहिणारा हात आणि ते मूल मांडीवर घेणारा हात एकच होता. चांगले वागायचे तर बोलणेही गुळमुळीत हवे, असे समजणाऱ्यांनी या दोन गोष्टी एका माणसाच्या चरित्रात शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला, तो याच वृत्तीतून.

या काळात सुधारक स्वस्थ बसले होते असे मात्र नव्हे. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’मध्ये लिहिलेल्या शतपत्रांत विधवाविवाहाची बाजू मांडली होती. बायको मेली की पुरुष दुसरी करतो, मग स्त्रीलाच बंदी का, हा तुलनेचा मुद्दाही त्यांच्याकडे आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ची (१८५७) तर सगळी रचनाच विधवांच्या कहाण्यांवर उभी आहे. १८५६ साली विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. पुढे विष्णुशास्त्री पंडितांनी पुण्या-मुंबईत विधवाविवाहाची चळवळ उभी केली आणि १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे जाहीर वाद झाला. पण या वादाचा विषय काय होता? पराशरस्मृतीतल्या वचनाचा अर्थ काय, कलियुगात ते लागू होते की नाही, हा. दोन्ही पक्ष शास्त्र उलगडत होते आणि जिच्याविषयी वाद चालला होता ती सभेत नव्हती. विष्णुशास्त्र्यांनी स्वतः विधवेशी विवाह करून आपला शब्द खरा केला, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

न्यायमूर्ती रानड्यांचे प्रकरण याहून अवघड आहे. विधवाविवाहाच्या चळवळीतले ते प्रमुख कार्यकर्ते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. आता ते विधवेशी लग्न करणार अशी सर्वांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही आणि त्याच वर्षी त्यांनी ११ वर्षांच्या मुलीशी विवाह केला. त्याच पुढे रमाबाई रानडे. ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे, आणि तो कडवटपणाने लिहिलेला नाही. रानड्यांना झोडपण्यासाठी हे उदाहरण पुष्कळदा वापरले जाते; आम्हांला तसे करायचे नाही. वडिलांचे मन मोडू नये हेही एक प्रकारे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवूनच सुचलेले होते. फक्त त्या वेळी निवडलेला ‘दुसरा’ वडील होते. कोणाच्या जागी उभे राहून पाहायचे याची निवड अशी घराच्या उंबऱ्यातच होऊन जाते. वीस वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्वे विधुर असताना त्यांनी शारदासदनात शिकलेल्या गोदूबाईंशी विवाह केला. या लग्नासाठी त्यांना गावाने, म्हणजे मुरुडच्या जातभाईंनी, वाळीत टाकले आणि आईच्या दुःखाची किंमतही मोजावी लागली.

आता ताराबाई शिंदे यांच्याकडे यावे.

१८८१ साली सुरत जिल्ह्यातल्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात अर्भकाला मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा कमी करण्यात आली, पण दरम्यान वर्तमानपत्रांतून चर्चेला ऊत आला. विधवांचे पाऊल घसरते कसे, शिकलेल्या आणि सैल सुटलेल्या बायकांमुळे समाज कसा बिघडतो, असा मजकूर पुण्याच्या ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांत छापून आला. १८६३ ची काशीबाई आणि १८८१ ची विजयालक्ष्मी यांच्यामध्ये अठरा वर्षे गेली होती. चर्चेचा रोख मात्र तिथेच होता.

वऱ्हाडातल्या बुलढाण्यात राहणाऱ्या एका मराठा घरातल्या बाईने हा मजकूर वाचला आणि १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध छापून घेतला. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाशी संबंध असलेले. ताराबाईंचे नाव त्याआधी छापील अक्षरांत नव्हते.

‘तुलना’ हा शब्द आज आपण किती सहज वापरतो! तौलनिक साहित्याभ्यास, तुलनात्मक तक्ता. पण त्याच्या मुळाशी तुला आहे, तराजू आहे. ताराबाईंनी तो शब्द त्याच अर्थाने घेतला. समाजाने स्त्रीचे दोष एका पारड्यात घालून ठेवले होते आणि दुसरे पारडे कधी भरलेच नव्हते. साहस, कपट, अविनय, संशयीपणा अशी स्त्रीच्या दुर्गुणांची जी यादी संस्कृत सुभाषितकार देतात, तीच त्या हाती घेतात. मग एकेक दुर्गुण उचलून विचारतात की हा पुरुषात नाही का, आणि असल्यास किती पटीने? विधवेला दिवस जातात ते कोणाच्या पायी? तिला फितवणारा कोण, आणि फितवून झाल्यावर पंचांत बसून तिचा निवाडा करणारा कोण?

आणि मग तो प्रसिद्ध उलटा प्रश्न येतो. नवरा मेला की बायकोचे केस जातात, कुंकू जाते, सणासमारंभात तिचे तोंड अशुभ ठरते. तर बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा काढून, तोंड लपवून रानात जाऊन का राहू नये? तो तर दहाव्या-बाराव्याच्या आतच दुसरीच्या शोधाला लागतो. पदव्युत्तर वर्गात आम्ही हा भाग शिकवतो तेव्हा मुले-मुली हसतात, आणि हसायलाच हवे, कारण मिशा उतरवून रानात बसलेल्या विधुराचे चित्र हास्यास्पदच आहे. पण मग वर्गात कोणीतरी विचारते की केस उतरवून कोपऱ्यात बसलेल्या विधवेचे चित्र शेकडो वर्षे कोणाला हास्यास्पद का वाटले नाही. ताराबाईंनी फक्त पारडी बदलली. वजन तेच ठेवले. हसू कुठे येते आणि कुठे येत नाही यावरून तराजूचा काटा कसा अडकवलेला होता ते कळते.

जुन्या नियमाचे काय झाले ते येथे दिसते. विदुराच्या तोंडी तो उपदेश होता. तो वरून खाली येत होता: थोराने धाकट्याशी बरे वागावे, धन्याने चाकराशी, राजाने प्रजेशी. ताराबाईंच्या हातात तो फिर्यादीचा कागद झाला. त्या दयेची याचना करत नाहीत. उलट पुरुषांनी स्वतःच्या सोयीसाठी वेळोवेळी रूढी कशा वाकवल्या ते दाखवतात: पगडी-अंगरखा टाकून बूट-पाटलोण चढवताना धर्म आड आला नाही, विलायती वस्तू घरात आणताना आला नाही; तो आड येतो तो विधवेच्या केसांपाशी. भाषा बोलीची आहे, म्हणींनी भरलेली, मधूनच शिवराळ, मधूनच संस्कृताच्या अंगाने जाणारी. हा निबंध ‘संयत’ नाही, ही तक्रार आजही कधीकधी ऐकू येते. असो.

त्यांच्या काळात ही तक्रार अधिक मोठ्याने झाली, आणि तीही केवळ सनातन्यांनीच केली असे नव्हे. सत्यशोधक वर्तुळातल्या काही मंडळींनाही हे पुस्तक झेपले नाही. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा कैवार घेतला, त्यांना आपली चिरंजीविनी म्हटले आणि आपल्याच सहकाऱ्यांची कानउघाडणी केली. यानंतर जोतीरावांनी लिहिलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त आम्हांला ताराबाईंच्या तराजूची खूण दिसते. १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी हे पुस्तक डाव्या हाताने लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात ते विचारतात की दोन-दोन, तीन-तीन बायका करणाऱ्या पुरुषाला, बायकोने तसेच दोन-तीन नवरे आणून घरात बसवले तर चालेल काय? पाप-पुण्याची व्याख्याही ते याच धर्तीवर करतात: आपल्या सुखासाठी दुसऱ्याला पीडा देणे ते पाप. पुढे एकाच घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असे सगळे एकमेकांचा द्वेष न करता राहतात, अशी एक विलक्षण कल्पना ते मांडतात. मराठीत कुटुंबाचे याहून धाडसी चित्र त्या शतकात कोणी रंगवल्याचे आम्हांला आठवत नाही.

ताराबाईंच्या मर्यादाही आहेत. त्यांची नजर मुख्यतः उच्चकुलीन घरांतल्या बायकांवर आहे. मुक्ताबाईच्या पावसात बाळंत होणाऱ्या बाया तिथे फारशा दिसत नाहीत. तसेच मुक्ताबाईच्या निबंधात केशवपन झालेली विधवा नाही. प्रत्येकीने आपल्या जागेवरून जेवढे दिसले तेवढे सांगितले. या दोन्ही जागा एका छपराखाली आल्या त्या फुल्यांच्या घरात, जिथे हौदावर महार-मांग पाणी भरत होते आणि आतल्या खोलीत ब्राह्मण विधवा बाळंत होत होत्या.

वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांचीही एक गोष्ट आहे. १८९० साली मुंबईत, सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करायचे नाही असा ठराव झाला. शास्त्रार्थ करणाऱ्या पंडितांना जे वीस वर्षांत साधले नाही, ते हजामतीच्या धंद्यातल्या माणसांनी एका सभेत निदान बोलून तरी दाखवले. रडणाऱ्या मुलीचे डोके ज्याला हाताने धरावे लागते, त्याला तिच्या जागेची कल्पना करायला फार लांब जावे लागत नसावे.

याच्या दुसऱ्या टोकाला लोकमान्य टिळक आहेत. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी आत्मौपम्यबुद्धीची जी चर्चा केली आहे, तिच्या तोडीची या विषयावरची तात्त्विक चर्चा मराठीत दुसरी नाही. येशूचा नियम काय करावे ते सांगतो, पण का करावे ते सांगत नाही. सर्वांभूती एकच आत्मा आहे हे वेदान्ताचे उत्तरच ती उणीव भरून काढते, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ. युक्तिवाद भरभक्कम आहे. पण १८९१ च्या संमतिवयाच्या वादात, लग्न झालेल्या मुलीशी शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारावर नेणाऱ्या कायद्याला हेच टिळक परक्या सरकारच्या हस्तक्षेपाच्या मुद्द्यावर कसून विरोध करत होते. सुधारकांनी कायदा मागण्यापूर्वी स्वतःवर बंधने घालून घ्यावीत, हे त्यांचे म्हणणे अप्रामाणिक नव्हते. पण दहा वर्षांच्या मुलीला सुधारकांच्या आत्मशुद्धीपर्यंत थांबायला सांगणे कितपत योग्य, हा प्रश्न त्या मुलीच्या जागेवरून विचारला गेला नाही. आत्मा एक आहे हे पटायला अवघड नाही. शरीरे वेगळी आहेत, आणि दुखते ते शरीर.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. दत्तकपुत्र यशवंताने टिटवे धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, कारण त्याचा जन्म त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, टिटवे हातात घेतले आणि अंत्यविधी केला. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना थाटला. रोग्यांना उचलून आणण्याचे काम सावित्रीबाई करत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

‘स्त्री-पुरुष तुलना’नंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. हे एक पुस्तकही लवकरच विसरले गेले. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्याची दखल घेतली नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते संपादित करून पुन्हा छापले, तेव्हा पहिल्या आवृत्तीला ९३ वर्षे झाली होती.